मुक्त व्यापार क्षेत्रात आयात संगणक-सामग्रीचा प्रवेश : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

जालना शहराची औद्योगिक ओळख पोलाद आणि बियाणे या दोन शब्दांत सामावलेली आहे. 25 डिसेंबर 2015 रोजी जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने जालना येथील ड्रायपोर्टची पायाभरणी झाली, तेव्हापासून तिसरा एक शब्द जिल्ह्याच्या चर्चाविश्वात रूढ झाला. वृत्तपत्रांतून, व्यापारी मंडळांच्या बैठकांतून आणि महाविद्यालयीन चर्चासत्रांतूनही ‘ड्रायपोर्ट’, ‘सेझ’ आणि ‘मुक्त व्यापार क्षेत्र’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. ड्रायपोर्ट झाले की परदेशी यंत्रे आणि संगणक जकातीविना जालन्यात उतरतील, अशी समजूत त्यातून दृढ होते. ही समजूत चुकीची आहे. तिची चिकित्सा करण्यासाठी आयात संगणक-सामग्रीइतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही, कारण या मालावरील मूळ जकात बहुतांशी आधीच शून्य आहे. तरीही सर्व्हर, राउटर, लॅपटॉप यांना नियंत्रित क्षेत्राच्या दारातून आत नेताना कागदांची मोठी साखळी पार करावी लागते. जकातच नसेल तर सवलत कशाची, आणि सवलत नाममात्र असेल तर एवढे नियंत्रण कशासाठी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘मुक्त’ या शब्दाची मर्यादा :

आधुनिक अर्थाने मुक्त क्षेत्राचा आरंभ आयर्लंडमधील शॅनन येथे 1959 साली झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारताने 1965 मध्ये कांडला येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन केले. महाराष्ट्रात 1973 मध्ये मुंबईच्या अंधेरी भागात सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच ‘सीप्झ’, सुरू झाले. आज सीप्झ म्हटले की हिरे-दागिने आठवतात. परंतु त्याच्या नावातच इलेक्ट्रॉनिक्स आहे. त्या काळी संगणक आयात करणे म्हणजे भारी जकात भरणे आणि दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स विभागाची परवानगी मिळवणे. 1984 च्या संगणक धोरणाने हे जोखड सैल केले, आणि 1991 मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेने सॉफ्टवेअर निर्यातदारांना शुल्कमुक्त यंत्रसामग्रीचा सुलभ मार्ग उपलब्ध करून दिला.

विशेष आर्थिक क्षेत्राचे धोरण 2000 साली जाहीर झाले. त्याचा अधिनियम 2005 चा असून तो नियमांसह 10 फेब्रुवारी 2006 पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम 53 मध्ये संपूर्ण व्यवस्थेचे मर्म आहे. अधिकृत कामकाजाच्या प्रयोजनार्थ हे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क प्रदेशाबाहेरचा प्रदेश समजले जाते. जमीन भारताची, पोलीस भारताचे, वीज महावितरणची. परंतु सीमाशुल्काच्या दृष्टीने कुंपणाच्या आत परदेश. या मानीव परदेशातून एखादा लॅपटॉप बाहेर आला, तर कायद्याच्या नजरेत तो देशात आयात झालेला असतो. मराठीत आपण ‘मुक्त’ हा शब्द सढळपणे वापरतो. येथे तो केवळ शुल्कापुरता मुक्त आहे. अधिनियमाच्या कलम 26 मधील सवलती कर व शुल्क यांपुरत्या आहेत. त्यावरून अन्य कायद्यांतून सुटका झाली असा निष्कर्ष काढता येत नाही.

बंदर, गोदाम आणि क्षेत्र :

ड्रायपोर्ट हे देशाच्या अंतर्भागातील सीमाशुल्क स्थानक असते. समुद्रकिनाऱ्यावर होणारी तपासणी, मूल्यनिर्धारण आणि शुल्कभरणा तेथे होऊ शकतो. दौलताबादजवळील माळीवाडा येथील अंतर्देशीय कंटेनर डेपो हे मराठवाड्यातील परिचित उदाहरण आहे. तेथे माल शुल्क न भरता पोहोचतो हे खरे, परंतु आयातदाराच्या ताब्यात जाण्यापूर्वी शुल्क भरावेच लागते. थोडक्यात, ड्रायपोर्ट शुल्क भरण्याची जागा बदलते, शुल्क माफ करीत नाही. जालन्याच्या प्रकल्पाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. सुमारे चारशे किलोमीटरवरील न्हावाशेवा बंदरात होणारी कामे दाराशी आली, तर वेळ आणि वाहतूकखर्च वाचतो. पण हा लाभ लॉजिस्टिकचा आहे, करमाफीचा नाही.

याउलट शुल्कमुक्त गोदाम, म्हणजे बाँडेड वेअरहाउस, शुल्क लांबणीवर टाकते. माल गोदामातून देशांतर्गत बाजारात निघाला की ते देय होते. मुक्त व्यापार व गोदाम क्षेत्र ही विशेष आर्थिक क्षेत्राचीच एक शाखा आहे. पनवेलजवळ साई येथे 2010 मध्ये असे क्षेत्र कार्यान्वित झाले. परदेशी पुरवठादार आपल्याच मालकीत सर्व्हरचे सुटे भाग तेथे ठेवू शकतो, आणि गरजेनुसार ग्राहकाला एकेक भाग देता येतो. शेंद्रा परिसरात औषधनिर्मितीशी निगडित विशेष आर्थिक क्षेत्र आहे. माहिती तंत्रज्ञानाचे मोठे उदाहरण मात्र नागपूरच्या मिहानमध्ये सापडते. तेथे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या कंपन्या आहेत. 2025 च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाल्यानंतर मुंबईकडून नागपूरकडे जाणाऱ्या मालवाहतुकीचा प्रवाह जालना जिल्ह्यातून अधिक सरळ झाला. मिहानकडे जाणारा मोहोरबंद कंटेनर या रस्त्याने जालन्यावरून जातो. पण कायद्याच्या नजरेत तो माल अजून देशात आलेलाच नसतो.

सवलत नेमकी कशाची?

1996 च्या डिसेंबरमध्ये सिंगापूर येथे माहिती तंत्रज्ञान करार झाला. भारत 1997 मध्ये त्यात सामील झाला आणि 2005 पर्यंत संगणक, त्यांचे सुटे भाग, साठवण-साधने इत्यादींवरील मूळ सीमाशुल्क शून्यावर आणले. त्यामुळे आज सर्वसाधारण सर्व्हर आयात करणाऱ्याला सेझमध्ये असो वा नसो, मूळ जकात लागत नाही. फरक पडतो तो एकात्मिक वस्तू व सेवा कराचा. समजा एक कोटी रुपये मूल्याचे सर्व्हर आले. सेझबाहेरील कंपनीला 18 टक्के दराने 18 लाख रुपये आयातीच्या वेळी भरावे लागतात. सेझमधील घटकाला 2017 च्या जुलैपासून लागू असलेल्या सूटीमुळे ते भरावे लागत नाहीत.

येथे वाणिज्य विषयाच्या अध्यापकांनी थोडे थांबण्यासारखे आहे. सेझबाहेरील निर्यातदार कंपनीला हे 18 लाख इनपुट टॅक्स क्रेडिट किंवा परताव्याच्या रूपाने पुढे मिळू शकतात. म्हणजे वाचतो तो कर नसून कराच्या रकमेत अडकून पडणारे भांडवल आणि परताव्यासाठीची प्रतीक्षा. मोठ्या कंपनीसाठी ही बाब किरकोळ असू शकते. नव्याने उभ्या राहणाऱ्या लहान सॉफ्टवेअर संस्थेसाठी, विशेषतः बँकेकडून खेळते भांडवल मिळवण्यास झगडणाऱ्या मराठवाड्यातील उद्योजकासाठी, 18 लाख रुपये काही महिने अडकणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरू शकतो.

सगळीच सामग्री शून्य जकातीच्या यादीत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. डेटा सेंटर म्हणजे केवळ सर्व्हर नव्हे. बॅटऱ्या, वातानुकूलन यंत्रणा आणि दूरसंचार जाळ्याची काही उपकरणे या कराराच्या मूळ यादीबाहेर राहतात, अथवा ती त्या यादीत येतात की नाही यावर वाद होतो. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये जाळ्याच्या काही उपकरणांवरील मूळ शुल्क 20 टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. त्यांपैकी कॅरिअर-दर्जाच्या इथरनेट स्विचवरील शुल्क 2025 च्या अर्थसंकल्पात 10 टक्क्यांवर आले. 20 टक्के दर लागणारे एक कोटीचे उपकरण घेतले, तर अधिभार वगळताही 20 लाख मूळ शुल्क आणि वाढीव मूल्यावर 21 लाख 60 हजार कर, असा एकूण 41 लाख 60 हजारांचा भार येतो. यांपैकी मूळ शुल्क कोणत्याही क्रेडिटने परत मिळत नाही. म्हणून उपकरण 8471 या शीर्षात बसते की 8517 मध्ये, हा वर्गीकरणाचा प्रश्न पुष्कळदा उपकरणाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. 2023 च्या एप्रिलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारण मंडळांनी युरोपीय संघ, जपान व तैवान यांच्या तक्रारींवर दिलेले अहवाल याच स्वरूपाच्या शुल्कांविषयी होते. तत्पूर्वी 31 ऑक्टोबर 2019 रोजी अमेरिकेच्या तक्रारीवरील अहवालात सेझच्या सवलतींवरही आक्षेप मान्य झाला. भारताने त्याविरुद्ध अपील केले, परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अपिलीय मंडळच ठप्प आहे.

कागदांचा प्रवास :

यंत्र विमानतळावर किंवा बंदरात उतरण्याच्या बरेच आधी खरे काम सुरू होते. आयातदार कोण, हा पहिला प्रश्न. आयातदाराला आयात-निर्यात संकेतांक लागतो, आणि सेझच्या सवलतीसाठी तो विकासक किंवा मान्यतापत्र मिळालेला घटक असावा लागतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवहारात येथेच गुंता होतो. सिंगापूरमधील कार्यालय खरेदी करते, अमेरिकेतील उत्पादक बीजक काढतो, माल मलेशियातून निघतो आणि प्रत्यक्ष वापर नागपुरात होतो. बीजकावरील नाव आणि मान्यतापत्रावरील नाव जुळले नाही तर माल बंदरातच पडून राहतो. यंत्र पालक कंपनीने विनामूल्य पाठवले असले, तरी ‘व्यापारी मूल्य नाही’ असे लिहून भागत नाही; सीमाशुल्कासाठी मूल्य जाहीर करावेच लागते.

घटकाने विकास आयुक्तांकडे बंधपत्र-नि-कायदेशीर हमी दिलेली असते. सर्वसाधारण पद्धतीत आयातीचे बिल ऑफ एन्ट्री बंदरातील नव्हे, तर सेझमधील अधिकृत अधिकाऱ्याकडे दाखल होऊन नोंदले जाते. ती नोंदलेली प्रत बंदरातील अधिकाऱ्याला दाखवली की तीच माल सेझकडे नेण्याची परवानगी ठरते. माल मोहोरबंद करून निघतो. सेझच्या दारावर मोहोर तपासली जाते, माल आत आल्याची नोंद होते आणि त्या नोंदीचा पुरावा 45 दिवसांच्या आत बंदराकडे परत जावा लागतो. तो गेला नाही तर शुल्काची मागणी उभी राहते. वाटेत माल गहाळ झाला नसून केवळ कागद गहाळ झाला असला, तरी मागणी तीच. या व्यवस्थेत माल आणि कागद हे दोन स्वतंत्र प्रवासी आहेत, आणि दुसरा हरवणे अधिक सामान्य आहे.

संगणक-सामग्रीच्या बाबतीत अनुक्रमांक हा सर्वांत नाजूक धागा. पोलादाची कॉइल वजनावर ओळखली जाते. सर्व्हर त्याच्या अनुक्रमांकावर. उत्पादक ऐनवेळी खोका बदलतो, पॅकिंग यादीतील क्रमांक जुनाच राहतो, आणि तपासणीच्या टेबलावर दोन अंक जुळत नाहीत. लॅपटॉप, पॉवर अडॅप्टर, प्रिंटर इत्यादींसाठी 2012 च्या आदेशाने सुरू झालेली भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे. बिनतारी संपर्क असलेल्या उपकरणांना त्यांच्या प्रकाराची स्वतंत्र मान्यता लागते. 3 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर इत्यादींची आयात निर्बंधित श्रेणीत गेली, आणि उद्योगांच्या प्रतिक्रियेनंतर 1 नोव्हेंबर 2023 पासून ऑनलाइन आयात व्यवस्थापन प्रणाली आली. परदेशात मागणी नोंदवल्यानंतर या बाबी तपासणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहणे होय.

देशांतर्गत पुरवठादारालाही या क्षेत्रात स्थान आहे. जालन्यातील एखाद्या संगणक विक्रेत्याने सेझमधील घटकाला अधिकृत कामकाजासाठी यंत्रे पुरवली, तर एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमानुसार तो पुरवठा शून्य-दराचा, म्हणजे निर्यातीसारखा, समजला जातो. त्यासाठी माल क्षेत्रात पोहोचल्याची अधिकाऱ्याची नोंद लागते. ही तरतूद स्थानिक विक्रेत्यांना फारशी परिचित नाही, आणि तिचा समावेश वाणिज्य शाखेच्या प्रात्यक्षिकांत सहज होऊ शकेल.

बाहेर पडण्याचे दार :

आत जाण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. बाहेर पडण्याविषयी क्वचितच. वास्तविक संगणक-सामग्रीचे आयुष्य तीन ते पाच वर्षांचे असल्याने बाहेर पडण्याचा प्रश्न लवकर येतो. सेझ नियमांनी ही विशेषता ओळखली आहे. वापरलेले यंत्र देशांतर्गत क्षेत्रात काढताना घसारा वजा करून उरलेल्या मूल्यावर शुल्क आकारले जाते. संगणकांसाठी पहिल्या वर्षी दर तिमाहीस 10 टक्के, दुसऱ्या वर्षी 8, तिसऱ्या वर्षी 5 आणि चौथ्या-पाचव्या वर्षी 1 टक्का असा घसारा आहे. एक लाखाच्या संगणकाचे मूल्य दोन वर्षांनी 28 हजार उरते, तीन वर्षांनी 8 हजार, पाच वर्षांनी शून्य. इतर यंत्रांना पहिल्या वर्षी तिमाहीस 4 आणि दुसऱ्या वर्षी 3 टक्के घसारा असल्याने त्याच किमतीचे लेथ यंत्र दोन वर्षांनी 72 हजारांचे धरले जाते.

गुंतागुंत होते ती दुरुस्तीत. हमीच्या काळात हार्ड डिस्क बिघडते, विक्रेत्याचा तंत्रज्ञ पुण्याच्या गोदामातून नवी डिस्क आणून बसवतो आणि जुनी खिशात घालून निघतो. त्याच्या दृष्टीने ही पाच मिनिटांची कामगिरी. कायद्याच्या दृष्टीने एक देशांतर्गत वस्तू नोंदीविना आत आली आणि एक आयात वस्तू शुल्काविना बाहेर गेली. बँकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांत माहितीच्या गोपनीयतेमुळे जुनी डिस्क जागीच नष्ट करावी लागते, तर त्या नाशाचीही पूर्वसूचना अधिकाऱ्याला द्यावी लागते. नष्ट झालेल्या सामग्रीला 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचरा नियम स्वतंत्रपणे बांधतात.

या नियमांची कसोटी 2020 च्या मार्चमध्ये लागली. टाळेबंदीत सेझमधील कर्मचारी घरी गेले आणि काम चालू ठेवायचे तर शुल्कमुक्त आणलेले संगणकही घरी जाणे भाग होते. कुंपणाच्या आत राहण्याच्या अटीवर आलेले यंत्र परभणीच्या किंवा अंबडच्या घरातील टेबलावर मांडले गेले. तात्पुरत्या परवानग्यांवर दोन वर्षे काढल्यानंतर 2022 च्या जुलैमध्ये नियम 43अ समाविष्ट झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो अधिक सैल करण्यात आला. यंत्राची नोंद, कर्मचाऱ्याची नोंद आणि परतीची जबाबदारी या अटी राहिल्या. भौगोलिक कुंपणावर उभी असलेली व्यवस्था संगणकाच्या तारेपुढे किती अपुरी आहे, हे त्या दोन वर्षांत उघड झाले. या क्षेत्रांसाठी नवा कायदा आणण्याचे 2022 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले होते, परंतु 2005 चा अधिनियमच चालू राहिला. नव्या घटकांसाठी आयकर सवलतीचे दार मात्र 2020-21 मध्ये बंद झाले आहे.

या पार्श्वभूमीवर जालन्यासारख्या जिल्ह्याने सेझचीच वाट पाहावी काय, हा प्रश्न रास्त ठरतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालेल्या गोदामातील उत्पादनविषयक विनियमांनुसार कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील कारखाना सीमाशुल्क गोदाम म्हणून परवाना घेऊ शकतो, आणि आयात यंत्रांवरील शुल्क व्याजाविना लांबणीवर टाकू शकतो. निर्यातीचे किमान बंधन त्यास नाही. जालना औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रोलिंग मिलला नियंत्रण कक्षासाठी परदेशी संगणकीय यंत्रणा आणायची असेल, तर कुंपण उभारण्यापेक्षा हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. अर्थात अनुक्रमांकांची वही तेथेही चुकत नाही.

महाविद्यालयांच्या दृष्टीने एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. परदेश व्यापार धोरणानुसार सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधील आणि संपूर्ण निर्याताभिमुख घटकांना, आयातीनंतर दोन वर्षे वापरलेले संगणक, मॉनिटर, प्रिंटर, स्कॅनर इत्यादी शुल्क न भरता मान्यताप्राप्त ना-नफा शैक्षणिक संस्था, सार्वजनिक ग्रंथालये आणि नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांना दान करता येतात. दोन वर्षांनंतर सॉफ्टवेअर कंपनीला जुना वाटणारा संगणक भोकरदन वा परतूर येथील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणखी काही वर्षे चालू शकतो. त्यासाठी संस्थेने लेखी मागणी करणे, आपली मान्यतेची कागदपत्रे देणे आणि मिळालेल्या यंत्रांची अनुक्रमांकांसह साठा नोंदवहीत नोंद करणे एवढेच काम असते.